कडी काढलेली न्हाणी

मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, लकवा मारला तेव्हा सगळ्यांनी धीर दिला, की उजवा हात हळूहळू येईल. थोडाफार आलाही. पण मागाहून फिटचे झटके सुरू होतील हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. पहिला झटका आला तो न्हाणीत, आतून कडी लावलेली असताना. नवऱ्यानं टिनाचं दार लाथ मारून उघडलं. यवतमाळच्या डॉक्टरांनी समजावलं, लकव्यानं मेंदूला जी इजा झाली तिच्यामुळेच हे होतंय. गोळी चुकवू नका, विहिरीवर एकटं पाठवू नका, न्हाणीला कडी नको. घरी आल्या आल्या नवऱ्यानं कडी काढून टाकली.

मामाजींनी बाकी सगळं मुकाट्यानं सोडलं. सायकल सोडली, वावरात एकटं जाणं सोडलं. चौकातली बैठकही सोडली, कारण झटक्यात धोतर ओलं होतं आणि गाव अशा गोष्टी विसरत नाही. आंघोळ तेवढी त्यांची स्वतःची उरली होती. दार लोटून, डाव्या हातानं अंग चोळत बराच वेळ बसायचे.

मी बाहेर भांडी घासत कान देऊन असायची. आवाज देत जा, असं त्यांना सांगून ठेवलं होतं. बोलणं अडखळायचं म्हणून ते खाकरायचे. लग्न होऊन मी आले तेव्हापासून हा माणूस घरात पाय टाकण्याआधी खाकरायचा, मला डोक्यावर पदर घ्यायला वेळ मिळावा म्हणून. त्याच खाकरण्यावर आता मी त्यांच्या जिवाचा अंदाज घेत होते.

कापूस वेचणीचे दिवस होते. नवरा वावरात, मलाही जायचं होतं, आणि मामाजींची आंघोळ काही संपेना. दोनदा हाक मारली. उत्तर नाही. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. पण भीती अर्धीच होती, अर्धा वैताग होता. हाकेनंतर आत लोट्यानं पाणी घेतल्याचा आवाज मी ऐकला होता. तरी दार ढकललं.

ते पाटावर बसले होते. खाली पडलेला साबण उजव्या हातानं उचलायची त्यांची धडपड चालली होती. त्या नादात खाकरायचं राहिलं असावं. मला पाहून त्यांनी लोटा पुढे ओढला. मी दार ओढून घेतलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

संध्याकाळी म्हटलं, "मामाजी, माह्यं चुकलं."

"नाही माय," ते तुटक तुटक म्हणाले, "म्याच आवाज नाही देल्ला."

रागावले असते तर बरं झालं असतं. रात्री नवरा म्हणाला, "काहून रडून राह्यली? जीव वाचावा म्हणूनच त दार उघडलं ना तू." पाण्याचा आवाज ऐकला होता, हे मी त्याला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी न्हाणीचं दार सताड उघडं दिसलं. मामाजी धोतर नेसून, सदऱ्याची गळ्यापर्यंत बटणं लावून पाटावर बसले होते आणि तसेच अंगावर पाणी घेत होते. मी दार लोटायला गेले.

"राहू दे उघडं," ते म्हणाले. "तुले कामं असतात."

तेव्हापासून ते कपड्यांनिशीच आंघोळ करतात. ओला सदरा एका हातानं पिळतात. मला हात लावू देत नाहीत.