आधी सही, मग ठराव

मी आमच्या साखर कारखान्याच्या कामगार युनियनचा सहचिटणीस होतो. होतो कशाला, आजही आहे. लाज वाटून राजीनामा फेकावा एवढा मी मोठा माणूस नाही, हे आधीच सांगून टाकतो. उगाच कुणी पुढं माझ्या शौर्याची वाट बघत बसायला नको.

सहचिटणीस म्हणजे आमच्या समाजाची जागा. युनियनच्या घटनेत तसं कुठंही लिहिलेलं नाही. पण अध्यक्ष कुणाच्या घरचा, खजिनदार कुणाच्या घरचा हे जसं न लिहिता ठरलेलं असतं, तसंच हेही. बौद्ध वस्तीतला एकजण घ्यायचा, फोटोत कडेला उभा करायचा आणि गेटमीटिंगला सतरंज्या त्याच्याकडून आणवून घ्यायच्या. मी आयटीआय केलेला टर्नर, कायम नोकरीतला. मला वाटायचं, आपण काही सतरंज्या उचलणाऱ्यातले नाही. कशाचं काय! मीही उचलल्या. मीटिंग संपल्यावर झटकून, घड्या घालून जागच्या जागी ठेवल्यासुद्धा.

माझा थोरला भाऊ त्याच कारखान्यात राखेच्या खात्यात होता. बॉयलरखालची ऊन ऊन राख फावड्यानं ओढायची, ढकलगाडीत भरायची आणि मागच्या खड्ड्यावर नेऊन ओतायची. त्या खात्यातले सगळे हंगामी आणि सगळे आमच्याच वस्तीतले. बाकीच्या गावाला राख सोसत नसावी बहुतेक. वडील गेले तेव्हा मी शाळेत होतो. दादानं ती राख ओढून मला शिकवलं. रात्री खोकायचा, तेव्हा माय उठून त्याला गूळ द्यायची.

दादाला फार काही नको होतं. कायम कामगाराला फोटोचं कार्ड मिळतं आणि तो पुढच्या गेटातून आत जातो. हंगामी माणसं मागच्या गेटातून, उसाच्या गाड्यांमधून, बैलांचं शेण चुकवत जातात. दादा सव्वीस हंगाम तसाच गेला. घरी बसायची वेळ दोन हंगामांवर आली होती. "येक हंगाम का हुईना, कार्ड दाखवून पुढनं आत जायाचंय," म्हणायचा. माझं कार्ड हातात घेऊन त्यावरचा फोटो बोटानं पुसायचा. मला तेव्हा त्याचं हसू यायचं.

युनियनची निवडणूक आली. दोन्ही पॅनल तोडीस तोड होती आणि सगळं अडलं होतं राखेच्या खात्यातल्या मतांवर. एका संध्याकाळी अध्यक्ष स्वतः आमच्या घरी आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. चहा अर्धा प्याला, अर्धा कपातच ठेवला आणि म्हणाला, "राखेचं सगळं खातं कायम करतो. थोरल्याचं नाव यादीत येक नंबरला. पर पॅनलमधी फूट नगं. सोनारीला जाऊन सगळ्यांनी बेलभंडारा उचलायचा."

आमच्याकडं निवडणुकीत हे चालतं. देवापुढं बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा हातात घेऊन शपथ घ्यायची. एकदा उचलला की फुटायचं नाही, शब्द मोडायचा नाही. मोडला तर देव बघून घेतो. गावोगावची पॅनल अशी बांधलेली असतात.

पण आमच्या आज्यानं दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव पोत्यात भरून नदीत सोडले होते. अध्यक्ष गेल्यावर मायनं भिंतीवरच्या फोटोकडं बघितलं आणि मग माझ्याकडं.

"तू भंडारा उचलणार?"

"दादासाठी, माय. येकदाच."

"आरं, आज्यानं हाल सोसले, पर हळद परत कपाळाला लावली न्हाय. ह्या फोटोपुढं तू काय सांगणार हायस?"

मी दादाकडं पाहिलं. तो उंबऱ्यात बसून पायाची राख खरवडत होता. काही बोलला नाही. त्याचं न बोलणं मी होकार म्हणून घेतलं. माझ्या सोयीचं तेच होतं.

दोन जीपा भरून सोनारीला गेलो. भैरोबापुढं सगळ्यांनी ओळीनं भंडारा उचलला. अध्यक्षानं तर डोळे मिटून, घसा ताणून सांगितलं, "राखेचं खातं कायम करू. न्हाय केलं तर देवा, तू बघून घे." मी शेवटी उचलला. थोडा भंडारा बाजूच्याच्या पायावर सांडला आणि तो दचकून मागं सरला. घरी आलो तर मायनं दारातच तांब्या पुढं केला. "आधी हात धू. मग आत ये." आमच्या कितीतरी पिढ्यांना लोकांनी उंबऱ्याबाहेर ठेवलं, पण स्वतःच्या आईनं बाहेर ठेवलेला मी पहिलाच असेन. हळद चार दिवस नखांतून निघाली नाही.

राखेची मतं मी घरोघर फिरून आणली. पॅनल निवडून आलं. गुलाल उधळला, हार पडले आणि मी पुन्हा सतरंज्या झटकू लागलो.

आता आमच्या युनियनची एक रीत सांगतो, म्हणजे माझा गाढवपणा नीट कळेल. कमिटीची बैठक असली की ठरावाचं पुस्तक आधी सगळ्यांपुढून फिरतं. वरची पानं कोरी, खाली हजेरीच्या सह्या. सही करायची, चहा प्यायचा, गप्पा मारायच्या. ठराव सरचिटणीस नंतर सावकाश लिहितो, सह्यांच्या वर. वर्षानुवर्षं असंच. कुणी वाचत नाही, कारण वाचायला तेव्हा काही नसतंच. ज्यांचं घरचंच पुस्तक आहे, त्यांचं त्यात काय बिघडतं? मी मात्र त्यांच्या बरोबरीनं ऐटीत सही करायचो. सहीखाली दोन ठिपके द्यायची सवय होती.

कायम करायच्या माणसांची यादी लागली त्या दिवशी गेटमीटिंग होती. सतरंजी मीच अंथरली, मीच पहिल्या ओळीत बसलो. सरचिटणीस नावं वाचू लागला. एकाचा पुतण्या, एकाचा मेहुणा, दोन हंगामांपूर्वी मिशी फुटलेली पोरं. राखेच्या खात्यातलं एकही नाव नाही. शेवटी वाक्य आलं, "सदर यादी कमिटीनं एकमतानं मंजूर केली आहे." आणि टाळ्या.

मी युनियनच्या खोलीत गेलो. सगळी कमिटी भजी खात बसली होती. "अध्यक्ष, तुमी देवापुढं शपथ घेतली हुती," म्हणालो. आवाज चढवायचा ठरवलं होतं, निघाला मात्र भीक मागितल्यासारखा.

अध्यक्षानं बोटं पुसली. "आरं येड्या, शपथ देवाची असती. तुमी देवच मानत न्हाय. मग तुमच्यासाठी घेतलेली शपथ देवाला लागंल कशी? उलट पाप लागलं तर तुलाच. आपला धरम सोडून हळद उचललीस तू."

खोली हसली. एकाला ठसका लागला. आणि मी? मीही हसलो. थोडंसं, ओठांनी. लोक हसत असले की आमच्या तोंडाला ती सवयच आहे. तो दिवस आठवला की मला अध्यक्षाचा राग येतो, पण त्या माझ्या हसण्याची किळस येते.

"आन वरडतूस कशाला?" अध्यक्ष पुढं म्हणाला. "सही हाय की तुझी. आमी आडाणी, तू तर शिकलेला."

तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. आज्याचा शब्द गेला, दादाचं कार्ड गेलं आणि हातात उरली दोन ठिपक्यांची सही.

टाइम ऑफिसच्या फळ्यावर ठरावाची झेरॉक्स लावली होती. दादा तिच्यापुढं उभा होता. त्याला वाचता येत नाही. पण माझ्या शाळेच्या वह्यांवर मी सही गिरवायचो, तेव्हा तो कौतुकानं बघत बसायचा. ती दोन ठिपक्यांची सही त्यानं बरोबर शोधली आणि काळं बोट तिच्यावर ठेवलं.

"ही तुझी न्हवं?"

"व्हय दादा. पर आमच्यात आधी सही असती, मग लिवत्यात. मला म्हाईत नव्हतं."

त्यानं बोट कागदावरून काढलं. "आमी अंगठेवाले," म्हणाला, "पर अंगठा उठवायच्या आदी कुणाला तरी इचारतो. म्या तर दर टायमाला तुलाच इचारत आलोय." आणि फावडं उचलून राखेकडं गेला.

पुढचे दोन हंगामही त्यानं मागच्याच गेटातून काढले. त्याच्या शेवटच्या दिवशी युनियननं निवृत्तांचा सत्कार ठेवला होता. कायम कामगारांचा. तिघेजण होते. शाल, श्रीफळ आणि फोटो. शाली आणायचं काम सहचिटणीसाचं. मी आणल्या, अध्यक्षाच्या हातात एकेक घडी उलगडून दिली आणि मग माइकवर आभारही मानले. दादा सगळ्यांच्या मागं, शेडच्या खांबाला टेकून उभा होता. त्याच दिवशी तोही सुटत होता, पण हंगामी माणूस निवृत्त होत नाही, नुसता यायचा बंद होतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा त्यानंही वाजवल्या.

कार्यक्रम आटोपल्यावर मी सतरंज्यांच्या घड्या घातल्या आणि मोटारसायकल काढली. पुढच्या गेटाकडं निघालो, तर तो डबा हातात घेऊन उसाच्या गाड्यांकडं चालला होता. मी गाडी त्याच्याजवळ नेली.

"दादा, बसा. आज पुढनं जाऊ. वॉचमनला मी सांगतो."

त्यानं गाडीकडं बघितलं नाही. समोरून आलेल्या बैलांना वाट देत तो बाजूला झाला.

"जा तू," म्हणाला. "तुझं गेट तिकडं हाय."

मी गाडी वळवली. वॉचमननं मला नमस्कार केला, मी त्याला कार्ड दाखवलं आणि बाहेर पडलो.