घोंगडीचा कोट

वेल्ह्याच्या खोऱ्यात कुंडलिक दगडेला सगळे डॉक्टर म्हणतात. डॉक्टर तो कधीच नव्हता. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात तो मदतनीस होता. गाई धरायच्या, जखमा धुवायच्या, लसीचा डबा वाड्यावस्त्यांवर पोचवायचा, हे त्याचं काम. पण खरे डॉक्टर दर दोन-तीन वर्षांनी बदलून जायचे आणि कुंडलिक तिथंच असायचा, म्हणून लोकांनी पदवी त्यालाच देऊन टाकली. त्यानंही ती कधी परत केली नाही.

राहायला किकवीला आणि नोकरी वेल्ह्याला. सकाळी हमरस्त्यानं नसरापूर, तिथून मार्गासनीवरून आत. एसटी होती, पण तिच्या वेळा तिच्या मर्जीच्या, आणि डोंगरातल्या वस्त्यांवर तर ती जायचीच नाही. म्हणून स्कूटर. राखाडी रंगाची, गिअरची, किक मारून चालू होणारी. रिटायर होऊन पाच वर्षं झाली, तरी ती अजून त्याच्या अंगणात उभी आहे. मुलानं विकायचा विषय काढला की कुंडलिक जेवता जेवता ताटावरून उठतो.

स्कूटरवरची थंडी ज्यानं खाल्ली नाही, त्याला ती सांगून कळायची नाही, बरं का. डिसेंबरात सकाळी स्कूटर आधी एका अंगावर कलती करायची, पेट्रोल खाली उतरू द्यायचं, चोक ओढायचा आणि मग किक. पाच-सहा किकांत बोलली तर नशीब. नाहीतर प्लग काढा, घासा, फुंका, पुन्हा लावा. डोक्याला माकडटोपी, पायमोज्यांवर प्लास्टिकच्या पिशव्या, आणि शर्टाच्या आत छातीवर कालचा पेपर. रत्ना, त्याची बायको, रोज रद्दीतून जाडशी पुरवणी काढून ठेवायची.

"वाचून तरी झाला का पेपर?" ती विचारायची.

"आता वाचतो की छातीनं," म्हणून हा किक मारायचा.

मार्गासनीच्या पुढं नदीवरचं धुकं रस्त्यावर यायचं, आणि मग सगळी सोंगं संपायची. बोटं ब्रेकवर आहेत की नाहीत हे डोळ्यांनी बघावं लागायचं. कुठंतरी थांबायचं, इंजिनाच्या पत्र्याजवळ तळवे धरायचे, बोटांत जीव आला की पुढं. उन्हाळ्यात सगळंच उलटं. सीटवर ओलं गोणपाट, डोक्याला भिजवलेला पंचा, खिशात कांदा. गोणपाट वेल्ह्यापर्यंत कोरडं ठणठणीत व्हायचं आणि कांद्याचा वास मात्र रात्री जेवायला बसेपर्यंत यायचा.

हे सगळं तो आज हसत हसत सांगतो. एक गोष्ट सोडून.

तेवीस वर्षांमागचा मे महिना. वेल्ह्याच्या वर डोंगरात कोकरेवस्ती आहे, धनगरांची दहा-बारा घरं. शेजारच्या वस्तीवर मेंढरांत रोग शिरला होता. दवाखान्यात लस होती, पण ती बर्फात ठेवावी लागते. बर्फ वितळला की लस म्हणजे नुसतं पाणी. कुंडलिकनं डबा स्कूटरच्या फळीवर दोन पायांच्या मध्ये ठेवला आणि भर बारा वाजता निघाला. अर्ध्या वाटेत डब्याला हात लावला, तर डबा कोमट. मग त्यानं काय करावं? डोक्याचा पंचा काढला, हातपंपावर भिजवला आणि डब्याला गुंडाळला. स्वतः बोडका. पुढं भेटेल त्या पाण्यावर पंचा भिजवायचा, पण तो डब्यासाठी. स्वतःच्या डोक्यासाठी नाही. असली अक्कल त्याला त्या दिवशी सुचली.

वस्तीवर पोचला, "बर्फ हाय अजून" म्हणाला, आणि कमळाबाई कोकरेच्या अंगणात आडवा झाला.

कमळाबाई तेव्हा साठीच्या आतबाहेरची. नवरा गेलेला, मुलगा गोरख रानात, आणि शंभरावर मेंढरांचा सगळा कारभार तिच्या हाती. तिनं त्याला ओढून सावलीला नेलं, तळपायांना कांदा चोळला, डोळे उघडल्यावर घोट घोट ताक पाजलं. तोवर ती त्याला "डाक्टर, तुमी" म्हणत असे. त्या दिवसापासून "तू" म्हणायला लागली, आणि तो तिला मावशी.

लस टोचून झाली. त्या साली शेजारच्या वस्तीवरची निम्मी मेंढरं गेली. कमळाबाईचं एक कोकरूही गेलं नाही.

दिवाळीनंतर कुंडलिक वर गेला, तेव्हा तिनं त्याच्यापुढं एक घोंगडी ठेवली. काळी, कडेला करडे पट्टे असलेली. लोकर तिच्याच मेंढरांची. पावसाळाभर टकळी फिरवून सूत तिनं स्वतः कातलेलं, आणि खालच्या गावच्या सणगराकडून विणून आणलेली.

"उन्हात डोस्कं उगडं टाकून आलास आमच्या मेंढरांपायी," ती म्हणाली. "आता थंडीत तरी अंग झाक. आन् इकडं येताना पांघरून येत जा. वस्तीला दिसू दे, माजी घोंगडी कुनाच्या अंगावर हाय ती."

कुंडलिकनं घोंगडी दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरली. आईच्या मायेला तो फार लहानपणीच पारखा झाला होता.

आता घोंगडी पांघरून चालता येतं, बसता येतं, रानात रात्र काढता येते. स्कूटर चालवता येत नाही. वाऱ्यानं ती पालासारखी फुगायची. तिसऱ्या दिवशी तिचं टोक मागच्या चाकात गेलं आणि हा पठ्ठ्या स्कूटरसकट रस्त्याकडेच्या चारीत. रत्ना म्हणाली, "अहो, कोट शिवून घ्या ना तिचा." पटलं. भोरच्या बाजारात एका म्हाताऱ्या शिंप्यानं चार दिवसांत कोट करून दिला. उंच कॉलर, मनगटाला पट्टी, आत अस्तर. आहाहा! त्या सकाळी धुकं त्याच्या अंगापर्यंत आलंच नाही. कुंडलिक गाणं म्हणत वेल्ह्याला गेला. पेपर सकाळी घरीच राहिला आणि रत्नानं तो पहिल्यांदा सुखानं वाचला.

त्याच दुपारी तो कोकरेवस्तीवर गेला. ऊन चढलं होतं, म्हणून कोट काढून पिशवीत ठेवलेला. चहा पिताना सहज त्याचं लक्ष आढ्याला टांगलेल्या एका जुन्या घोंगडीकडं गेलं. झिजून तिची पार चाळण झाली होती. तो म्हणाला, "मावशी, हिचे तुकडे करून कोकरांना तरी घाला की."

कमळाबाईनं कानांवर हात ठेवले. "नगं बाबा! आमच्या घरात घोंगडीला कात्री लावत न्हाईत. माजी सासू सांगायची, घोंगडी कापली की कळप फुटतो." आणि मग हसत, "तुजी कुठं हाय?"

"घरी हाय," कुंडलिक म्हणाला.

झालं! एवढ्या दोन शब्दांत माणूस अडकला. तिथल्या तिथं पिशवी उघडून दाखवली असती तर काय झालं असतं? चार शिव्या बसल्या असत्या. पण ज्या बाईनं पावसाळाभर सूत कातलं तिला "तुमच्या कळपावर कात्री चालवून आलो" हे सांगायला त्याची जीभ रेटेना.

तिथून पुढं त्यानं एक रीत बसवली. थंडीच्या दिवसांत वर जायचं झालं की वस्तीच्या फाट्यावरच्या उंबराखाली स्कूटर थांबवायची. कोट काढायचा, पिशवीत कोंबायचा, आणि वरचा चार किलोमीटरचा चढ नुसत्या शर्टावर. वस्तीवर पोचेपर्यंत दातावर दात. कमळाबाई त्याला चुलीपुढं बसवायची, चहा द्यायची आणि विचारायची, "घोंगडी कुठं?" उत्तर ठरलेलं. दोन हिवाळे तिनं विचारलं. मग विचारायचं सोडून दिलं.

तिनं विचारणं सोडलं तेव्हा कुंडलिकला सुटल्यासारखं वाटलं. गाढव कुठला! बाई विचारायचं सोडते तेव्हा तिनं मनाशी काहीतरी धरलेलं असतं, हे त्याला पन्नाशी ओलांडूनही कळलं नाही. असे अठरा हिवाळे गेले. कोटाचं अस्तर दोनदा बदललं, कोपरं झिजली, तिथं चामड्याची ठिगळं आली. मग कुंडलिक रिटायर झाला, आणि वस्तीवर जाणं वर्षातून एकदा, मग तेही नाही.

गेल्या मे महिन्यात किकवीच्या फाट्यावर तो उसाचा रस पीत बसला होता. एक स्कूटर येऊन थांबली. वरची मुलगी नखशिखांत झाकलेली. तोंडाला ओढणी, गॉगल, पांढरा सनकोट, हातमोजे. ओढणी सोडली तेव्हा कळलं, ही शिवानी. गोरखची मुलगी, कमळाबाईची नात. नसरापुरात औषधाच्या दुकानात नोकरी करते.

"मला वाटलं दरोडाच पडतोय रसवंतीवर," कुंडलिक म्हणाला.

ती हसली. मग रसाचा ग्लास घेऊन घरचं सांगू लागली. दोन वर्षांपासून आजीला दिसत नाही. मेंढरं विकली. परवा सोमवारी वस्तीवरचं घर बंद करून सगळे भोरला राहायला चाललेत.

"आजी येते म्हणते?"

"यायला तयार आहे. पण डॉक्टर, एक विचारू का? राग नका मानू." शिवानी ग्लास हातात फिरवत राहिली. "तुम्हाला आमची घोंगडी लाजेची वाटली का हो?"

कुंडलिकनं आपला ग्लास खाली ठेवला.

"आजी म्हणते, सरकारी माणूस, धनगराची घोंगडी कसा घालंल? थंडीनं मरत यायचा, पर अंगावर घेतली न्हाई. शेजारची बाळाबाई अजून तिला टोचते त्यावरनं. गेल्या आठवड्यात भांडी बांधताना पण म्हणाली, तुझ्या डॉक्टरनं पायपुसणं केलं असंल तिचं. आजी नुसती बसून राहिली."

कुंडलिक घरी आला आणि त्यानं रत्नाला शिवानीचा प्रश्न सांगितला. थंडीत कुडकुडत गेलेला तो प्रत्येक चढ त्याला आठवला. आपण तिचं मन राखतोय असं त्याला वाटत होतं. आणि प्रत्येक वेळी तिला काय दिसलं, तर नुसता शर्ट. त्यानं डोळे पुसले. रत्नानं पाहिलं. तिनं पेटीतून कोट काढून झटकून खुर्चीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी रविवार. पहाटेच निघायचं ठरलं होतं, पण वर्षभर उभ्या असलेल्या स्कूटरनं घोळ घातला. प्लग, कार्बोरेटर, मग मेकॅनिक. निघायला दहा वाजले आणि वस्तीच्या फाट्यावर पोचायला बारा. डांबर पायाखाली मऊ पडलेलं. उंबराखाली त्यानं सवयीनं स्कूटर थांबवली आणि पिशवीत हात घातला. इथं त्यानं अठरा हिवाळे हा कोट काढला होता. आज भर वैशाखात त्यानं तो अंगात घातला. बटणं लावली. कॉलरही वर केली.

काय त्याचं ध्यान दिसत होतं म्हणून सांगू! समोरून येणाऱ्या टेम्पोवाल्यानं मान बाहेर काढून विचारलं, "डॉक्टर, ताप भरलाय का?" पहिल्याच वळणावर घाम पाठीवरून कमरेत उतरला. दुसऱ्या वळणावर डोळ्यांत. लोकर चावू लागली. छातीत धडधडायला लागलं, तेव्हा एकदा त्याला वाटलंही, हे वय आहे का? पण गाडी थांबवली असती तर बटणं सोडायचा मोह झाला असता, म्हणून तो थांबला नाही.

कमळाबाई ओसरीवर बांधलेल्या बोचक्यांत बसली होती. स्कूटरचा आवाज ऐकून तिनं मान वर केली.

"कुंडलिक का रं?"

"व्हय मावशी." तो तिच्यापुढं गुडघ्यांवर बसला, तिचा हात धरला आणि आपल्या छातीवर ठेवला.

तिच्या बोटांना लोकर लागली. बोटं थांबली, मग हळूहळू फिरू लागली. बटणांवरून, खिशावरून, बाहीवरून. खांद्याच्या शिवणीपाशी ती पुन्हा थांबली.

"कात्री लावलीस."

"लावली. तुमी ती रीत सांगायच्या आदीच लावली होती. चाकात जात होती वो मावशी. मग सांगायचं धाडस झालं न्हाई. रोज घालत होतो. फकस्त हितं येताना फाट्यावर काढून ठेवायचो, तुमाला कळू नये म्हनून."

कमळाबाईचा हात कोपरावर गेला. चामड्याचं ठिगळ, त्याच्या कडेला पातळ झालेली लोकर. दुसरं कोपर. मग कॉलर, जिथं घासून घासून तिचं सूत गुळगुळीत झालं होतं. ती बराच वेळ तिथं बोट फिरवत राहिली.

"लई घातलीस रं," ती म्हणाली. "ती रीत माज्या सासूची. मी तुला बोलली असती, दोन दिस रुसली असती. पर तू थंडीत काढून येत होतास, मुडद्या? आन् मी हितं म्हनत बसली, ह्याला आमची लाज वाटती. वीस वरसं! वीस वरसं म्या तुला चा दिला आन् मनात शिव्या दिल्या."

आता दोघंही रडत होते. कुंडलिकचा तर घाम कुठला आणि डोळ्यांचं पाणी कुठलं, हेही कळत नव्हतं. शिवानी पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली. "आजी, अगं ते भाजतायत आत! काढू दे आधी तो कोट!"

"थांब!" कमळाबाई म्हणाली. खांबाला धरून ती उठली, अंगणाच्या कडेला आली आणि जिकडं बाळाबाईचं घर होतं तिकडं तोंड करून तिनं अख्ख्या वस्तीला ऐकू जाईल अशी हाक मारली.

"बाळे! ए बाळे! भाईर ये! समद्यांनी भाईर या! माजी घोंगडी बघा कुनाच्या अंगावर हाय ती!"

दारं उघडली. बाया उन्हाला कपाळावर हात धरून बाहेर आल्या. बाळाबाईही आली. कमळाबाईनं चाचपडत कुंडलिकचा खांदा धरला आणि त्याला पुढं ढकललं.

"फिर," ती म्हणाली. "पाठ बी दिसू दे."

आणि जनावरांचा तो डॉक्टर, भर दुपारी, लोकरीच्या कोटात घामानं निथळत, त्या अंगणात सगळ्यांना दिसेल असा हळूहळू गोल फिरला.