सखीपुढचं पाणी

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी मी उपासाचे वरीचे तांदूळ निवडत बसले होते, तेवढ्यात मंजुळाच्या लेकीचा, सुनंदाचा फोन आला. "मावशी, आई गेली," एवढंच ती म्हणाली. दोन दिवसांचा ताप, तिसऱ्या दिवशी सकाळी संपलं. मी सूप बाजूला सारलं आणि तशीच बसून राहिले. रडू आलं, पण ते नंतर. अगदी आधी मनात काय आलं ते आज लिहायचं ठरवलंय, नाहीतर हे लिहिण्यात काही अर्थ नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. मंजुळाला एक गोष्ट सांगायची चाळीसएक वर्षं राहून गेली होती, आणि आता ती कधीच सांगावी लागणार नव्हती.

आम्ही दोघी गुंद गावच्या. तिचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये फक्त एक भाताचं खाचर. हरताळकेला आमच्याकडे पोरीबाळीही उपास धरतात, पाणीसुद्धा प्यायचं नाही. सकाळी ओढ्यावरून वाळू आणायची, रानातून सोळा तऱ्हेची पत्री आणायची, मग वाळूची पिंड आणि तिच्यापुढं पार्वती आणि तिची सखी अशा दोघी मांडायच्या. मंजुळाची आज्जी कहाणी सांगायची. बापानं पार्वतीचं लग्न तिच्या मनाविरुद्ध ठरवलं, तेव्हा सखीनं तिला घरातून पळवून रानात नेलं. तिथं तिनं वाळूचा शंकर पूजला आणि मनातला नवरा मिळवला. आज्जीच्या कहाणीत सखीला नावच नव्हतं. मंजुळाला हे फार लागायचं. "सगळं केलं हिनं, आणि हिचं नाव कुणाला ठावं न्हाई," असं म्हणत ती सखीलाच दोन फुलं जास्त वाहायची.

पत्री ओळखण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. मी आघाडा म्हणून भलतंच काहीतरी खुडायचे आणि ती माझ्या ओच्यातून ते काढून फेकायची. बारा-तेरा वर्षांच्या असू तेव्हाची गोष्ट. पाऊस थांबून ऊन तापलं होतं, घसा कोरडा पडला होता, आणि वाळू भरता भरता मी ओंजळभर पाणी पिऊन टाकलं. मान वर केली तर मंजुळा बघत होती. थेंब जरी घेतला तरी मनासारखं घर मिळत नाही, असं आज्जी बजावायची. मी रडायलाच लागले. मंजुळा खाली वाकली, स्वतः एक घोट प्याली आणि तोंड पुसत म्हणाली, "आता दोघींचाबी मोडला. रडू नगंस. म्या कुणाला सांगत न्हाई." आणि तिनं खरोखरच कुणाला सांगितलं नाही... तिच्या आज्जीनं त्या दिवशी आम्हा दोघींचं कौतुक केलं, ते मी निमूट ऐकून घेतलं.

एकोणिसाव्या वर्षी तिचं लग्न ठरलं. मुलगा बिजवर होता, वयानं दहा वर्षांनी मोठा, पदरात दोन पोरं. मंजुळाला दांडेलीला मावशीकडे राहून नर्सचं शिकायचं होतं. मावशीचा होकारही आला होता, घरचे ऐकत नव्हते. हरताळकेच्या आदल्या दिवशी ती खाचराच्या बांधावर मला म्हणाली, "सुमे, उद्या पत्रीला जाऊ तवा मी तशीच पुढं जाते. गणेशगुडीवरनं दांडेलीची गाडी धरते. तू दुपारपतोर घरला जाऊ नगंस. कुणी इचारलं तर म्हन, बेल बघत लांब गेलीया." मग हसून म्हणाली, "सखीच हाईस की तू माझी." मी व्हय म्हटलं. आणि तिन्हीसांजेला चुलीपुढं भाकरी थापणाऱ्या आईला सगळं सांगून टाकलं.

का सांगितलं, याची कारणं मी इतकी वर्षं गोळा केली आहेत. आई ओरडेल याची भीती होती, मंजुळाची काळजी होती, मी लहान होते. एकोणीस वर्षांची बाई लहान नसते. खरं म्हणजे ती जाणार आणि मी गुंदलाच राहणार, हे मला सोसवलं नाही. आईनं उठून खाचर ओलांडलं. दुसऱ्या दिवशी मी एकटीच पत्रीला गेले, आणि मार्गशीर्षात मंजुळाचं लग्न झालं.

पुढं माझं सासर रामनगरला आलं, किराणा दुकानाचं घर, समजूतदार नवरा. तिचं सासरही तिथून जवळच. तिचा नवरा वाईट माणूस नव्हता, फक्त तिनं मागितलेला नव्हता. तिनं सवतीची पोरं वाढवली, भात लावला, कापला, सुनंदाला हट्टानं शिकवून नर्स केलं. हरताळकेच्या आदल्या दिवशी ती न चुकता केळीच्या पानात पत्री बांधून माझ्याकडे यायची, कारण बाजारातल्या पत्रीवर तिचा विश्वास नव्हता. चहा व्हायचा. आणि दर वर्षी, उठता उठता, माझ्याकडे बघून हसत म्हणायची, "माझं दांडेलीचं कशानं हुकलं असंल गं सुमे? त्या घोटानंच असंल न्हवं?" मीही हसायचे. "असेल बाई," म्हणायचे. घोट तर मीही घेतला होता, माझं काही हुकलं नव्हतं. ती आणखी थोडा वेळ उभी राहायची, मग पिशवी उचलून जायची. मला वाटायचं, हिला अजून ठाऊक नाही, वाचले.

बाराव्याला गेले तेव्हा सुनंदानं मला आत बोलावलं. देवळीतून एक पितळी फुलपात्र काढून माझ्या हातात दिलं. "ह्ये तुमच्यासाठी. आई हरताळकेला सखीपुढं ह्यात पानी ठेवायची. बाया इचारायच्या, निर्जळी उपासाला पानी कशाला? तर म्हणायची, माझ्या सखीला तहान धरवत न्हाई." मला रडताना हसू आलं. मग सुनंदा हळूच म्हणाली, "आईला ठावं होतं मावशी. लग्नाआधीच माझ्या आज्जीनं, तिच्या आईनं, तिला सांगितलं होतं, तुमच्या घरातनं कळलं म्हणून."

मी विचारलं, मग ती कधी बोलली का नाही?

"म्याबी इचारलं. तर म्हणाली, तिनं आपनहून सांगाय पायजे. दर वर्साला इचारते की तिला."

तिचा प्रश्न, तिचं ते दारात थोडं थांबणं... चाळीस हरताळका ती माझ्यापुढं दार उघडून उभी राहिली आणि मी हसून चहाचे कप उचलत राहिले. मला लाज वाटते. फितूर झाल्याची वाटतेच, पण एकोणिसाव्या वर्षीच्या त्या पोरीची एखादे वेळी कीव तरी येईल. एकोणसाठाव्या वर्षी "असेल बाई" म्हणणाऱ्या बाईचं काय करायचं, हे मला कळत नाही.

यंदाची हरताळका गेल्या आठवड्यात झाली. पत्री मीच आणली, त्यात आघाडा बरोबर होता की नाही देव जाणे. पिंड केली, पार्वती मांडली, सखी मांडली, तिच्यापुढं ते फुलपात्र भरून ठेवलं. हात जोडले आणि जे बोलायचं होतं ते मोठ्यानं बोलले, "मंजे, मी सांगितलं होतं." स्वयंपाकघरातून सुनेनं विचारलं, काही हवंय का. मी नको म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दहीभाताचा नैवेद्य दाखवून उपास सोडायची वेळ झाली. घसा वाळला होता, हाताशी दुसरं पाणी नव्हतं. फुलपात्र उचललं, ओठांपर्यंत नेलं. मग उठून ते तुळशीला घातलं आणि रिकामं फुलपात्र घासून आमच्या देवळीत ठेवलं.