गरमी गेली कुठी?

चष्मा कपाळावर सरकवायचा, थर्मामीटर डोळ्यांसमोर धरायचा आणि साऱ्या प्रयोगशाळेला विचारायचं, "गरमी गेली कुठी जी?" तुमसरच्या आमच्या कॉलेजातल्या केमिस्ट्रीच्या सरांची ही रोजची तऱ्हा. हरवलेली वस्तू शोधताना समोरच्याच्या खिशाकडे संशयानं बघणारा माणूस तुम्हीही पाहिला असेल. सर तसे माझ्याकडे बघत.

मी मराठी शिकवणारी. माझा या भानगडीशी संबंध काय? पण एका दुपारी ते थेट स्टाफरूममध्ये आले.

"बाई, तुमाले यातलं काही समजत नाही नं?"

"नाही."

"मंग चाला. तुम्हीच पायजे."

भानगड अशी होती. आम्ल आणि कॉस्टिक सोड्याचं पाणी तांब्याच्या भांड्यात एकत्र केलं की उष्णता निघते. पुस्तकाप्रमाणे पारा जवळजवळ सात अंश चढायला हवा. सरांचा सहाच्या आसपासच रेंगाळायचा. पोरं बिनधास्त पुस्तकातलं उत्तर उतरवायची, बाकीचे मास्तर त्यावर सही ठोकायचे. सरांना ते जमेना. रिटायर होण्याआधी एकदा तरी खरं उत्तर आपल्या टेबलावर यावं, एवढाच त्यांचा ध्यास. ज्याला उत्तर ठाऊक, त्याचा डोळाच पारा वर ढकलतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून पारा वाचायला मी.

मी आकडा सांगायची आणि त्यांचा चेहरा उतरायचा. आपलंच काही चुकतंय की काय, असं वाटून मला कसनुसं व्हायचं.

गरमी भांड्यातून पळते म्हणून त्यांनी राईस मिलमधून धानाचा कोंडा आणवला, लाकडी पेटीत दाबून भरला आणि मधोमध भांडं बसवलं. त्या दिवशी पारा आठच्याही वर गेला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. सर पार गोंधळले.

"आता जास्तीची काहून येऊन राहिली?"

मग त्यांनी पेटीत हात खुपसला. कोंडा मिलमधून नुकताच आलेला, चांगला गरम होता. "बाई, आपण मिलची गरमी मोजली जी!" म्हणत ते इतके हसले की कपाळावरचा चष्मा नाकावर आला.

कोंडा निवल्यावर पारा पुन्हा सहावर. एकदा मी सहज विचारलं, "आज तरी सात होतील का?"

सर दचकले. "तुमालेही समजलं? मंग तुम्ही बाद."

तरी चहाला बोलवायचे. माझे तास संपेपर्यंत चहा निवू नये म्हणून शिपाई किटली त्याच पेटीत ठेवायचा.

निवृत्तीच्या दिवशीही पारा सहाच्या जरा वर जाऊन थांबला. सरांनी तेच लिहिलं. "सोडा जुना, का थर्मामीटर खोटा, का मीच? समजत नाही बाई." मलाही समजलं नाही, आजही समजत नाही. त्या दिवशी त्यांच्याकडे बघवत नव्हतं, एवढं खरं.

निवृत्त झाले तरी चहाला रोज यायचे. कोणी बघत नसेल तेव्हा कोंड्यात हात घालून बघायचे.

थंडीतल्या एका सकाळी शिपायानं किटली पेटीत ठेवली आणि मागोमाग निरोप आला, सर गेले. सगळे त्यांच्या घरी धावलो. त्यांच्या बायकोजवळ बसताना मी सरांच्या हाताला हात लावला. गार पडला होता.

दुपारी मी परत आले तेव्हा प्रयोगशाळेत कोणी नव्हतं. पेटीचं झाकण काढून किटलीला हात लावला. गरम होती. मला रडू आवरेना. सवयीनं मी चहा दोन कपांत ओतला, आणि दोन्ही निवेपर्यंत बसून राहिले.