आत्याचं उजवं बोट

घनसावंगीजवळच्या आमच्या गुऱ्हाळात उसाच्या रसाची मोठी कढई, काहील, भट्टीवरून कधी उतरवायची, ते गोपिकाआत्या ठरवते. उकळत्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकायचा, बोटांत चोळून गोळी वळते का ते पाहायचं. दिवसातून पन्नास वेळा.

तिला साखरेचा आजार. रक्तातली साखर मोजायच्या बाजारातल्या पट्ट्यांमधलं एन्झाइम उष्णतेनं खराब होतं, म्हणून माझं संशोधन एन्झाइमशिवायच्या सेन्सरवर. स्पंजासारखं, बारीक छिद्रांचं निकेल. छिद्रं जास्त तितका पृष्ठभाग जास्त, आणि साखर थेट त्यावरच विजेची खूण देते. मला त्याचा भारी गर्व होता.

दीड महिना मी आत्याचं बोट स्पिरिटनं पुसून टोचलं. पट्टी ३१० म्हणायची, माझं निकेल ३९०. आकडे जुळत नव्हते, पण दोन्ही मोठेच. तेच दाखवून मी डॉक्टरांकडून गोळ्या वाढवून घेतल्या, तिची भाकरी अर्धी केली, गूळ बंद केला. आत्या वाळली. घामानं डबडबायची. भट्टीपुढं घाम कुणाला येत नाही?

काल तिच्या उजव्या तर्जनीला चटका बसला होता, म्हणून मी डावा हात मागितला. "डाव्या हातानं काई देत्यात का?" ती कुरकुरली. नेहमी उजवाच पुढं करायची. तरी टोचलं. पट्टी ५८, निकेल ६४.

मी चक्रावले. उजव्या हाताचं मधलं बोट टोचलं. ३४०! एका बाईच्या अंगात दोन रक्तं? पट्टी बदलली, निकेल धुतलं, तारा तपासल्या. काहीच कळेना.

तेवढ्यात आत्यानं पाकाचा थेंब पाण्यातून उचलून उजव्या बोटांत चोळला.

मी तिचा हात ओढला. बोटांच्या भेगाभेगांत साखर मुरलेली. स्पिरिटनं ती निघतच नव्हती. कोमट पाण्यानं, साबणानं धुतला आणि पुन्हा टोचलं. ५७. साखर धोक्याइतकी खाली.

म्हणजे दीड महिना मी पाक मोजत होते, आणि गोळ्या मात्र आत्याला देत होते. शिकलेली मी! स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती.

आत्याचे हात थरथरत होते. ती मटकन खाली बसली. मी गुळाचा खडा तिच्या तोंडाशी धरला.

"आत्या, माझं चुकलं गं. खा, जल्दी खा."

तिनं ओठ घट्ट मिटले, तोंड फिरवलं.

"न्हाई. तू न्हाई म्हणल्यापासून कण बी तोंडात घातला न्हाई म्या," ती म्हणाली. "आता तूच परीक्षा पाहून राह्यली व्हय?"