आधी हार्ट, मग गुडघे

आईच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनची तारीख पक्की झाली होती. आमचं घर चिकलठाण्यात, तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टचं. वर्षभरात ती खाली उतरली ती फक्त दवाखान्यापुरती, तीही खुर्चीत बसवून. स्वतःच्या पायांनी जाऊन भाजी आणायची, एवढंच तिचं मागणं.

ऑपरेशनआधीच्या तपासण्यांत हृदयाच्या एका नळीत ब्लॉक निघाला. हृदयाच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "यांना छातीत दुखत नाही, दम लागत नाही. हा ब्लॉक गोळ्यांवर सांभाळता येईल. गुडघे करून घ्या. आता स्टेंट टाकला तर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या लागतील आणि गुडघे लांबणीवर पडतील."

एवढं स्वच्छ मराठीत सांगितलेलं माझ्या डोक्यात शिरलं नाही. 'ब्लॉक' ऐकल्यापासून आईचं हृदय कधीही बंद पडेल, एवढंच मला दिसत होतं.

गंगापूरहून मामा आला. "नळी तुंबलीय आन् डॉक्टर म्हणतो राहू द्या? असं असतं व्हय कुठं? आधी हार्ट, मग गुडघे." स्वतःची बीपीची गोळी आठवड्यातून चारदा विसरणारा माणूस! पण मला तेच ऐकायचं होतं. आई म्हणत होती, "अरे, मला छातीत कायबी होत नाय." आम्ही दोघांनी तिलाच गप्प बसवलं, दुसरा दवाखाना गाठला आणि स्टेंट टाकून घेतला. वर मी बिल्डिंगमध्ये पेढे वाटले. पेढे!

मग हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "आता निदान सहा महिने तरी नाही. गोळ्या थांबवल्या तर स्टेंटमध्ये रक्ताची गाठ होण्याची भीती, चालू ठेवल्या तर ऑपरेशनमध्ये रक्तस्रावाची. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं?"

सांगितलं होतं.

मामाला फोन केला तर म्हणाला, "जीव तर वाचला ना?" डोकंच फिरलं माझं. जीव धोक्यात होता कुठं? पण मामावर किती चिडणार? स्टेंटच्या संमतीपत्रावर सही माझी होती.

काल आईला धरून बाथरूमकडे नेत होतो. दाराशी ती थांबली, कळ जिरेपर्यंत चौकट धरून उभी राहिली. मी म्हणालो, "आई, चुकलं माझं."

"दुखत व्हते ते माझे गुडघे," ती म्हणाली, "आन् धडधडत व्हतं तुझ्या छातीत. धर आता नीट."