स्ट्यूसाठी मटण निवडताना

मागच्या शनिवारी इथे अमेरिकेत, बेलव्ह्यूत कडाक्याची थंडी होती, म्हणून स्ट्यू केला. सध्या पप्पा आलेत नगरहून. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच... एकटे.

आम्ही नगरचे ख्रिस्ती. लहानपणी रविवारची उपासना झाली की घरी मोठ्याच्या मटणाचा, म्हणजे बीफचा स्ट्यू ठरलेला. आईच्या हातचा. इथे मी तो कितीदा तरी करून पाहिला... मिरी-दालचिनी तीच, व्हिनेगर तेवढंच, पण काहीतरी हुकतंच.

याही वेळी हुकलं. काही तुकडे चामट, काही कोरडेठाक. पप्पांनी निमूटपणे बटाटे तेवढे खाल्ले.

तसे आल्यापासून ते गप्पच होते. इथे त्यांना करण्यासारखं काही नव्हतं ना... भाजी ॲपवर मागवायची, भांडी मशीन घासणार. "परतीचं तिकीट अलीकडचं करता येईल का गं?" असं दोनदा विचारूनही झालं होतं.

जेवण झाल्यावर मात्र म्हणाले, "मटण कुठलं आणलंस, बघू?" मी फ्रीजमधलं दुसरं पाकीट दाखवलं. 'स्ट्यू मीट', तयार चौकोनी तुकडे. पप्पांनी चष्मा लावून ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"अगं, हे जनावराच्या चार जागांचं एकत्र केलेलं दिसतंय. एक तुकडा शिजेपर्यंत दुसऱ्याचा चोथा होणार. उद्या मी येतो तुझ्याबरोबर."

दुसऱ्या दिवशी चर्चमधून थेट स्टोअरमध्ये गेलो. मटणाच्या काउंटरपुढून पप्पा हात मागे बांधून सावकाश फिरत होते. मी एक लालबुंद, चरबीचा ठिपकाही नसलेला तुकडा दाखवला. "पप्पा, हे किती स्वच्छ आहे!"

"दिसायला छान आहे. शिजल्यावर दोऱ्या होतील त्याच्या."

काउंटरवाल्याने विचारलं, काय देऊ? हव्या त्या तुकड्याला इथे काय म्हणतात, आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. मग जन्मभर गणित शिकवलेल्या माझ्या पप्पांनी भर दुकानात स्वतःच्याच खांद्यावर थाप मारली. "शोल्डर! हार्ड वर्किंग पार्ट!"

तो माणूस खळखळून हसला. स्वतःच्या खांद्यावर थाप मारत म्हणाला, "चक!" खांद्याच्या मटणाचं इथलं नाव ते. आणि आतून एक मोठा तुकडा घेऊन आला... लाल मांसात पांढऱ्या चरबीची बारीक जाळी पसरलेली. मी तर तो बघून पुढे गेले असते.

"हेच," पप्पा म्हणाले. "ही जाळी विरघळते, म्हणून मटण मऊ होतं. फक्त घाई करायची नाही."

घरी आल्यावर त्यांनी मला तुकडे लहान करू दिले नाहीत, शिजल्यावर आटतात म्हणे. झटपट शिजवणारा इन्स्टंट पॉटही बाजूला ठेवायला लावला. मंद आचेवर दुपारभर स्ट्यू रटरटत होता आणि पप्पा गॅसजवळ खुर्ची टाकून बसले होते.

मी विचारलं, "हे सगळं आईने शिकवलं तुम्हाला?"

"तिने? तिला दुकानाचा वाससुद्धा सहन व्हायचा नाही! लग्न झाल्यावर मी पहिल्यांदा मागच्या पायाचं मटण आणलं. बिचारी शिजवून शिजवून रडकुंडीला आली. मग मीच खाटकाला विचारत विचारत शिकलो. खांद्याचं आणलं, त्या दिवशी तिने मला आधी वाढलं आणि समोर बसून राहिली... मी काय म्हणतो ते ऐकायला."

हे सांगताना पप्पा हसत होते. आई गेल्यापासून तिच्याबद्दल बोलताना ते हसलेले मी पाहिलेच नव्हते.

त्या रात्री स्ट्यू जमला. अगदी तोच! आईच्या हातची चव म्हणून मी जी शोधत होते, ती निम्मी पप्पांच्या पिशवीतून घरात यायची, हे मला आत्ता कळलं...

काल नाश्त्याला पप्पांनीच विषय काढला. "या रविवारी नळीचं मिळतंय का बघायचं? त्याचा रस्सा काय होतो माहितीये!"

बघू या की, म्हटलं. पप्पा घरात आहेत, याचं त्या क्षणी इतकं बरं वाटलं...